वडशाचा राष्ट्रपती

१२ नोव्हेंबर १९९९

आज मी राष्ट्रपती झालो.

आमच्या नाटक कंपनीचा मालक धनराज वडशाच्या माह्या शिलाईच्या दुकानात येऊन सांगून गेला. मी मशीनवर होतो, पायडल सोडलं नाई. तो म्हणे, "जलालभाऊ, यंदा तुमी खलनायक नाई. यंदा तुमी भारताचे राष्ट्रपती." मी म्हणलो, मतदान कधी झालं बावा? तर म्हणे, "आपल्या कंपनीत माहं एकट्याचंच मत चालते. टाकलं मी."

बावीस वर्षं झाली झाडीपट्टीच्या नाटकात. दिवाळी ते होळी नाटक, होळी ते दिवाळी शिलाई. बावीस वर्षांत मी सावकार झालो, डाकू झालो, दारुडा पाटील झालो. बाजारात बायका मले पाहून तोंड फिरवतात. एका टायमाले आरमोरीच्या बसमध्ये एका म्हातारीनं माह्या पाठीत छत्री घातली, काऊन तर नाटकात मी तिच्यासारख्याच एका म्हातारीचं घर जाळलं होतं. त्या छत्रीचा मले लय दिवस अभिमान होता. पण अभिमानानं पाठ थोडीच थंड होते?

नाटकाचं नाव "फाशीच्या दोरीला बहिणीची राखी". एका गरिबाले फाशी होते. त्याची बहीण पायी दिल्लीले जाते, राष्ट्रपतीच्या दारात उभी राहते. शेवटच्या अंकात राष्ट्रपती बाहेर येऊन तिच्या हातची राखी बांधून घेते आणि फाशी माफ करते. मी फक्त शेवटी येतो, पण सारं नाटक माह्यासाठी खोळंबून राहते. असा पार्ट मले आजवर कोणी दिला नाई.

ही डायरी शाजियानं दिली, माह्या पोरीनं. कोण्या खताच्या कंपनीची आहे, वर भेंडीचा फोटो. म्हणे, "अब्बा, मोठे माणसं डायरी लिहितात." टोमणा होता, पण घेतली. घरी आमी हिंदी बोलतो, स्टेजवर शुद्ध मराठी. इथी मात्र बाजारात बोलतो तसंच लिहीन. सईदाले मराठी वाचता येत नाई, तेवढं एक बरं.

१५ नोव्हेंबर

बंदगळ्याचा कोट मीच बेतला, मीच शिवला. घालून आरशात पाह्यलं. सईदा म्हणे, "किसकी बरात में बाजा बजाने जा रै?" बावीस वर्षं झाली, या बाईनं माहं एक नाटक धड पाह्यलं नाई.

शाजियाले विचारलं, राष्ट्रपती करते काय? ती कॉलेजात राज्यशास्त्र शिकून राह्यली. म्हणे, "त्याले आपण नाई निवडत, खासदार-आमदार निवडतात. सैन्य त्याच्या नावाचं, कायद्यावर सही त्याची, सारा कारभार त्याच्या नावानं. पण वागायचं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. नाईच पटलं तर एक डाव परत पाठवायचं, का बा फेरविचार करा. पुन्हा तेच आलं तर मानाच लागते."

"आणि फाशी माफ करते ते?"

"तेबी सल्ल्यानंच. अर्ज जेलातून जाते, दिल्लीत गृहखातं पाहते. बहीण दारात उभी राहून काई होत नाई, अब्बा."

"मंग त्याच्या हातात काईच नाई?"

पोरीनं वेणीचं टोक दातात धरलं, लहानपणापासून विचार करताना तसंच करते. म्हणे, "एक आहे. त्याले मुदत नाई. हो बी म्हणायचं नाई आणि नाई बी म्हणायचं नाई. फाईल तशीच ठेवायची. जवरिक तो बोलत नाई तवरिक माणूस जित्ता राहते."

मी हसलो. काईच न करणं हे काम असन तर आपला पोस्टमन दोन डाव राष्ट्रपती झाला असता. धनराजले जाऊन सांगितलं का बा खरं असं असं आहे. त्यानं कपाळाले हात लावला. "बाप्पा! राष्ट्रपती स्टेजवर येऊन म्हणन 'बाई, फाईल ठेवून घेतो' आणि पडदा? लोक मले त्या पडद्यात गुंडाळून नदीत टाकतीन. भाऊ, तुमी पाठांतर करा."

करून राह्यलो. "भगिनीच्या आसवांपुढे दिल्लीचे दरवाजे बंद राहू शकत नाहीत! जा ताई, तुझ्या भावाचा मृत्युदंड आम्ही माफ केला आहे!"

२९ नोव्हेंबर

पहिला प्रयोग झाला. काय सांगू! "माफ केला आहे" म्हणलो आणि लोक उठून उभे. वन्स मोअर. पुन्हा माफ केलं. पुन्हा वन्स मोअर. बहीण झालेली रंजीता रडून रडून थकली, तिच्या डोळ्यातलं काजळ माह्या नव्या कोटाले लागलं. सकाळी गावातल्या बायकांनी मले पाटावर बसवून जेवू घातलं. डाकू होतो तवा मले ओसरीच्या खाली पत्रावळ मिळे.

५ डिसेंबर

कोसमटोल्याहून आलो. कुरखेड्याच्या पल्याड जंगलातलं गाव, तिथी मंडई होती, दिवाळीनंतरची गावजत्रा, रातभर नाटक. एक गोष्ट झाली, ती लिहायची का नाई याचा विचार करून राह्यलो.

प्रयोग छान झाला. सकाळी सरपंचाच्या ओसरीत चहा चालू होता, चाळीस-पन्नास माणसं कलावंत पाहाले बसली होती. खांबापाशी एक बाई उभी होती, चाळिशीची. मंगली नाव. मले वाटलं सही पाहिजे असन, नाईतर पोराले आशीर्वाद.

म्हणे, "भाऊ, एक विचारू का? माहा भाऊ नागपूरच्या जेलात हाय. इसरू. त्याले फाशी सांगितली. तेंदूपत्त्याच्या फळीवर, पुडे मोजून देताना भांडण झालं, कंत्राटदाराचे दोन मानसं मेले. त्यानं मारलं, मी नाई म्हनत नाई. पर आता वरच्या कोर्टानंबी फाशीच सांगितली. जेलातून अर्ज गेला म्हनते, राष्ट्रपतीपाशी. तुमी तो पार्ट करता. खरंच बहीण गेली तर भेटते का तो?"

सरपंच म्हणे, "अवं बाई, नाटक हाय ते."

"नाटक हाय ते समजते मले," ती म्हणे. "म्हनून तर विचारून राह्यली. नाटकवाले काईतरी पाहूनच लिहत असतीन."

सगळे माह्याकडे पाहून राह्यले. शाजियानं सांगितलेलं मले शब्दाशब्दानं आठवत होतं. पण रात्रीच्या टाळ्या कानातून गेल्या नव्हत्या. प्रॉम्प्टर नाई, पडदा नाई, तरी उजवा हात आपोआप वर गेला आणि तोंडातून पार्ट निघाला, "भगिनीच्या आसवांपुढे दिल्लीचे दरवाजे बंद राहू शकत नाहीत!"

ओसरी टाळ्यांनी दणाणली. सरपंचानंही वाजवल्या. मंगलीनं नाई वाजवल्या. ती ऐकून राह्यली होती, औषधाची चिठ्ठी ऐकावी तशी. मंग म्हणे, "मंग जाईन भाऊ. लवकरच जाईन. तो खोकून राह्यला लय."

जीपमध्ये धनराज म्हणे, "काय टाकलं राजेहो! बाई गार झाली." मी हसलो. हसलो हे लिहून ठेवतो.

७ डिसेंबर

सईदाले सांगितलं. वाटलं हसन. तिनं तवा खाली ठेवला. "उस औरत को सच बोल के आओ." मी म्हणलो, अगं ती कशाची जाते दिल्लीले, कोसमटोल्यातून कुरखेड्याले जायची मारामार. सईदानं तवा पुन्हा चुलीवर आपटला. तिचे गुडघे दुखून राह्यले सध्या, म्हणून चिडचिड करते.

१३ डिसेंबर

रमजान लागला. प्रयोग असला तरी रोजे सोडत नाई मी.

आज जीप कुरखेड्याच्या रस्त्यावर पंक्चर झाली. टायर काढेपर्यंत तास गेला. समोरच कोसमटोल्याचा फाटा, गाव दोन कोसावर. एका सायकलवाल्यानं विचारलंबी, "राष्ट्रपती, येता का गावात?" मी म्हणलो, रोजा आहे बावा, उन्हात कुठी हिंडू? झाडाखाली बसून राह्यलो. कारण खरं होतं. पण कारण आठवाले मले जरा वेळ लागला होता.

२५ डिसेंबर

पहाटे, रोज्याआधीच्या सहेरीले सईदा म्हणे, "झूठ पेट में रख के रोजा नहीं होता." मी म्हणलो, झूठ काय? नाटकातला डायलॉग होता. ती म्हणे, "वो औरत नाटक में थी क्या?"

ताट सरकवलं. पाणी पिऊन उठलो. दिवसभर भुकेनं डोकं चढलं, का दुसऱ्या कशानं, मालूम नाई.

९ जानेवारी २०००

ईद. नवे कपडे साऱ्या गल्लीचे मी शिवले, माहे जुनेच घातले. गळाभेट घेताना हनीफ चाचा म्हणे, "राष्ट्रपतीजी, हमारा भी खयाल रखना!" सारे हसले. मीबी दात दाखवले.

ठरवलं, पुढच्या प्रयोगाले त्या बाजूले गेलो का कोसमटोल्यात उतरन आणि सांगन.

१९ जानेवारी

उतराची गरजच पडली नाई. तीच आली.

दुपारची वेळ. दुकानात धनराज होता आणि पवनीकडच्या एका गावचे मंडईवाले बसले होते, नाटक ठरवाले आलेले. शाजिया काज-बटनाले बसली होती. मंगली आली, संगं लहानू म्हणून म्हातारा मामा. दोघांच्या डोक्यावर गाठोडी.

"भाऊ, एकच विचाराले आली," ती म्हणे. "सोमवारची नागपूरची मुलाकात हाय. इसरूले भेटाची. लय दिवसानं मिळाली. आन आज-उद्या दिल्लीले निघालो नाई तर मामाची तब्येत पुढं साथ देनार नाई. दोन्ही होत नाई. नागपूरले जाऊ का दिल्लीले?"

इतकं सरळ मले आजवर कोणी काई विचारलं नव्हतं. मले फक्त "नागपूर" म्हणाचं होतं. एक शब्द.

तेवढ्यात धनराज उठला. मंडईवाल्यांले म्हणे, "पाहा! हे पाहा! आमच्या नाटकाचा असर. बाई राष्ट्रपतीले भेटाले दिल्ली निघाली! आणि हे आमचे राष्ट्रपती." मंडईवाले माह्याकडे अशा डोळ्यांनी पाहून राह्यले का जसा मी खरंच कोणी आहो.

शाजियानं सुई खाली ठेवली. "मावशी, अर्ज तर जेलातूनच गेला आहे. दिल्लीत दारात कोणी..."

"चूप राय," मी म्हणलो. जोरात म्हणलो. पोरीवर असा आवाज मी कधी काढला नाई. मंग मंगलीकडे वळून म्हणलो, "दिल्लीले जा, बाई. भावाचं कामच झालं तर मुलाकातीचं काय?"

तिचा चेहरा असा खुलला का मले खाली पाहावं लागलं. ती गेली. मले वाटलं गेली. अर्ध्या तासानं परत आली, हातात निळ्या कापडाचा तुकडा, बाजारातून घेतलेला. "याचा सदरा शिवून ठेवा भाऊ. येईन तवा घेऊन जाईन. जेलातून निघन तर अंगावर काई बरं पाहिजे न."

माप विचारलं. ती मले वरून खाली पाहून म्हणे, "तुमच्याएवढाच हाय तो. खांदेबी तसेच."

मंडईवाल्यांनी नाटक पक्कं केलं. धनराजनं साऱ्यांले समोसे मागवले. मी एक खाल्ला.

२० जानेवारी

शाजिया सकाळी न सांगता स्टेशनवर गेली होती, त्यांच्यासाठी पोळ्या घेऊन. गोंदियाची गाडी पकडून तिथून दिल्लीची. परत आली तर मी विचारलं, तू सांगितलं का तिले? म्हणे, "सांगितलं. पण ती म्हणाली, 'तुह्या बापानं दोन डाव सांगितलं, तू लहान आहेस पोरी.'"

मंग दिवसभर माह्याशी बोलली नाई. माह्या शब्दाले एवढं वजन आहे हे मले आजवर मालूम नव्हतं. डाकू होतो तेच बरं होतं. डाकूच्या बोलण्यावर कोणी गाडीत बसत नाई.

२६ जानेवारी

काय दिवस आला. एका गावच्या शाळेनं झेंडावंदनाले बोलावलं, कोट घालून या म्हणे. रात्री तिथंच प्रयोग होता, नाई म्हणता आलं नाई. शाजियानं सांगितलं होतं, सव्वीस जानेवारीले दिल्लीत राष्ट्रपती झेंडा फडकवते. तसा मी फडकवला. पोरं "भारत माता की जय" ओरडली, मास्तरनं मले सलाम ठोकला. मी सलाम घेतला.

दोर ओढताना मनात आलं, आत्ता मंगली दिल्लीत कुठी उभी असन? थंडी लय असते म्हणतात. तिच्याजवळ चादर होती का, हे मी पाह्यलंबी नव्हतं.

निळा सदरा बेतून ठेवला आहे. कात्री चालवली पण शिवाले हात जाऊन नाई राह्यला.

३० जानेवारी

कोसमटोल्याचा पत्रू आला होता, मंगलीचा चुलतभाऊ. दुकानाच्या पायरीवरच बसला, आत आला नाई. इसरू गेला. परवा, जेलच्या दवाखान्यात. छातीचा रोग होता, रक्त पडून राह्यलं होतं. फाशी नाई, काई नाई, असाच गेला. भाऊबंदांनी नागपूरहून आणून माती दिली.

पत्रू म्हणे, "सोमवारच्या मुलाकातीले तो वाट पाहून राह्यला होता. शिपाई म्हने, दिवसभर दाराकडं तोंड करून बसला." मंग म्हणे, "ती उतरन तर वडशालेच उतरन. आमाले थांबता येत नाई. भाऊ, तुमी सांगसान का तिले? तुमचं ऐकते ती."

मी हौ म्हणलो.

१ फेब्रुवारी

दुपारच्या गाडीले गेलो. शाजिया मागून आली, मी बोलावलं नव्हतं.

मंगली उतरली. पाय सुजलेले, ओठ फाटलेले, पण हसून राह्यली होती. मले पाहून म्हणे, "अरे, भाऊ घ्याले आले!" मी स्टॉलवरून चहा घेतला, तिच्या हातात दिला, लहानूच्या हातात दिला. म्हणलो, आधी चहा होऊ दे, मंग सांगन.

ती सांगत सुटली. दारापर्यंत जाऊ दिलं नाई. पोलिसानं उठवलं, दुसऱ्या जागी बसले, तिथूनही उठवलं. एका शिपायानं विचारलं कुठून आले, मराठीच होता, सोलापूरकडचा, त्यानं भजे खाऊ घातले. "अन मंग सव्वीस तारखेले, भाऊ, घोडे निघाले! काय घोडे! लाल कोटवाले मानसं वर. त्यायच्या मागं राष्ट्रपतीची गाडी. मी पाह्यली. काचेतून एक हात दिसला. मी हाक मारली, पर गर्दी होती, बँड वाजून राह्यला होता. पर मी होती तिथी. दारात नाई, रस्त्यावर होती. चालन न तेवढं?"

मी स्टॉलवाल्याले चहाचे पैसे दिले.

"आता उद्या नागपूरले जाते," ती म्हणे. "मुलाकात गेली ते गेली, हातापाया पडून पाहीन. इसरूले सांगन, मी त्याची गाडी पाह्यली."

चहा संपला होता. माह्या हातातला कप रिकामा होता, तरी मी तोंडाले लावला. मी स्टेजवर हजार माणसांसमोर बोलतो, मले दोन शब्द बोलता आले नाई. शाजिया खाली बसली, तिनं मंगलीचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं.

मंगली ओरडली नाई. शाजियाकडे पाहून राह्यली, मंग माह्याकडे. मंग लहानूले म्हणे, "मामा, उठ. बस निघन."

मी तिथंच कप धरून उभा. माही लाज वाटते मले. बाकी काई लिहिता येत नाई.

८ फेब्रुवारी

धनराजले म्हणलो, मले हा पार्ट नाई कराचा. दुसऱ्याले दे, मले डाकू दे. तो हात जोडून म्हणे, "भाऊ, होळीपर्यंत प्रयोग लागले आहेत. पंचवीस माणसांचं पोट आहे. आणि तुमी काय जीव घेतला का? माणूस रोगानं मेला."

हे खरं आहे. रोगानं मेला. मी फक्त बहिणीले पाठवलं दुसरीकडे. रात्री प्रयोग केला. वन्स मोअर मिळाला. दुसऱ्या डावाले "माफ केला आहे" म्हणताना रंजीता हळूच म्हणे, "भाऊ, आवाज काढा, ऐकू नाई येऊन राह्यलं." काढला. आवाज निघते माहा, हेच तर दुखणं आहे.

२२ फेब्रुवारी

निळा सदरा शिवला. काज सईदानं केले. मी सांगितलं नव्हतं, तिनंच घेतला. म्हणलं, कोणाचा आहे मालूम आहे का? ती म्हणे, "मालूम है." काज इतके बारीक केले का असे तिनं माह्या कोटाचेबी केले नव्हते.

कोसमटोल्याले नेऊन द्यावा म्हणतो. उद्या जाईन.

२८ फेब्रुवारी

नाई गेलो. सदरा खुंटीवर आहे. गिऱ्हाईक विचारते, हा विकाऊ आहे का? माह्यासमोर लटकून राह्यला आहे, मशीनवर बसलो का खांदे दिसतात.

१६ मार्च

शेवटचा प्रयोग झाला. धनराजनं शाल दिली, म्हणे पुढच्या दिवाळीलेबी तुमीच राष्ट्रपती, पाच वर्षं हलवत नाई. लोक हसले. मी कोट घडी करून पेटीत टाकला, वरून डांबरगोळ्या टाकल्या. शाल शाजियाले दाखवली तर म्हणे, "ठेवा." तेवढंच. पण बोलली.

२४ मार्च

मंगली आली.

सकाळची वेळ, धुळवडीचा रंग अजून रस्त्यावर होता. दुकानात मी एकटाच. म्हणे, "सदरा झाला का भाऊ?"

खुंटीवरून काढून दिला. म्हणे, "त्याच्या दगडापाशी ठेवाचा हाय. आमच्यात मेलेल्याच्या नावाचा दगड उभा करतात, तिथी त्या मानसाचं सामान ठेवतात." मंग तिनं सदरा उलगडला, दोन्ही खांदे धरले आणि माह्या अंगाले लावून पाह्यला. मी हललो नाई. बरोबर बसला. तिनं बाहीची शिवण बोटानं सरळ केली.

"एक विचारू का?" ती म्हणे. त्या ओसरीत विचारलं होतं तसंच. "त्या दिवशी इथी, या दुकानात. तुमाले मालूम होतं का, का दिल्लीले जाऊन काई होत नाई?"

"हौ," मी म्हणलो. "मालूम होतं."

"गावातबी?"

"गावातबी."

"काऊन सांगितलं मंग?"

मी लय शोधलं. इतक्या महिन्यांत मनात किती कारणं जमवली होती. धनराज होता, धंदा होता, पोरगी मधात बोलली. त्यातलं एकही तोंडात आलं नाई. म्हणलो, "लोक बसले होते."

तिनं मान हलवली, जसं हिशेब बरोबर आला. "हौ," म्हणे. "लोक होते."

मी हात जोडले. टेप गळ्यात होती, ती खाली पडली. म्हणलो, "बाई, मले माफ कर." माह्या तोंडून हा शब्द यंदा किती डाव निघाला असन! माफी मागाले किती वेगळा घसा लागते, ते आज समजलं.

मंगली सदऱ्याची घडी करून राह्यली. बाह्या आत, मंग कॉलर, मंग अर्धी घडी, जसं घाई कशाचीच नाई. गाठोड्यात ठेवला, गाठ मारली. मंग म्हणे, "पाहीन."

"बाई..."

"मंडईले गावात या. तवा सांगन."

पायरी उतरून गेली. बसस्टँडकडं वळेपर्यंत मी पाहून राह्यलो, तिनं मागं पाह्यलं नाई. हो म्हणली नाई, नाई बी म्हणली नाई.

संध्याकाळी शाजियाले सांगितलं. तिनं वेणीचं टोक दातात धरलं.

मंडई दिवाळीनंतर असते. आत्ता कुठी होळी झाली.